जागल्याची झोप

इतिहास लिहिणाऱ्यांनी माणसाच्या जागेपणाचा इतिहास लिहिला आहे. त्याच्या झोपेचा इतिहास लिहावा असे फारसे कोणाला वाटलेले नाही. लढाया, तह, राज्यारोहणे, सभा आणि संप या साऱ्या गोष्टी जागेपणी घडतात आणि त्यांचेच कागद मागे उरतात. माणूस आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा निजून काढतो, पण त्या हिश्श्याची नोंद ना बखरीत सापडते ना दप्तरात. मला मात्र असे वाटत आले आहे की, एखाद्या समाजात कोण निजतो, किती निजतो आणि त्याला निजता यावे म्हणून कोण जागा राहतो, एवढे जरी नीट पाहिले तरी त्या समाजाची जी ओळख पटते ती नुसत्या सनावळ्यांतून पटणार नाही.

हा विचार मनात रुजण्याचे कारण माझा पाथर्डी तालुका. पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, बीडच्या हद्दीला लागून असलेला हा मुलूख. डोंगर उघडे, जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. मोहट्याची देवी, मढीचे कानिफनाथ, वृद्धेश्वर आणि भगवानगड या स्थानांमुळे महाराष्ट्राला तो ठाऊक आहे. पण साखरेच्या पट्ट्यात त्याला आणखी एका कारणाने ओळखतात. दसरा आटोपला की येथील वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडू लागतात. हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास आमच्याकडच्या कित्येक घरांना कुलपे लागलेली असतील आणि ओट्यावर म्हातारी माणसे तेवढी उरलेली असतील. ही जी माणसे गेली, ती पुढचे पाच-सहा महिने किती झोपणार आहेत, हा माझ्या लेखाचा विषय आहे. पण त्या प्रश्नापर्यंत जावयाचे तर थोडे मागून यावयास हवे.

झोपेचे महत्त्व आपल्या पूर्वजांना कळले नव्हते असे मुळीच नाही. चरकसंहितेत शरीर तोलून धरणारे जे तीन उपस्तंभ सांगितले आहेत त्यांत आहाराच्या जोडीला निद्रा आहे. सुख आणि दुःख, पुष्टी आणि कृशता, बळ आणि दुबळेपणा ही सारी निद्रेच्या स्वाधीन आहेत, असे चरक म्हणतो. दिवसा झोपणे त्याला सामान्यतः मान्य नाही. पण अपवाद सांगताना तो ओझे वाहून थकलेल्यांना आणि लांबची वाट चालून आलेल्यांना दिवसा निजण्याची मोकळीक देतो. वाग्भटाने तर आणखी बारकाईने सांगितले आहे की, रात्री जागरण घडले असेल तर जितका वेळ जागलो त्याच्या निम्मा वेळ सकाळी जेवणापूर्वी निजावे. या वैद्यांच्या मते झोप हे एक देणे आहे आणि ते राहिले तर फेडावयाचे आहे. आमच्या जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी ज्या गीतेवर भाष्य केले, तिच्या सहाव्या अध्यायातही हाच विवेक आहे. अति निजणाऱ्याला योग साधत नाही आणि अति जागणाऱ्यालाही साधत नाही. आपण पहिला अर्धा भाग मुलांना पहाटे उठविताना ऐकवितो आणि दुसरा अर्धा सोयीस्करपणे विसरतो.

आधुनिक विज्ञानाने या जुन्या अनुभवाला पुष्टीच दिली आहे. १९५३ साली शिकागो येथे असेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी दाखवून दिले की, झोपेत ठरावीक काळाने मिटल्या पापण्यांखाली डोळे वेगाने हलतात आणि त्या वेळी मेंदू चांगलाच कामात असतो. झोप म्हणजे दिवा मालवणे नव्हे, हे तेव्हापासून पक्के झाले. शरीराच्या पेशीपेशींत दिवसरात्रीचे जे घड्याळ चालते त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रौढ माणसाला सात तासांहून कमी झोप नित्य मिळत राहिली तर रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो, असे आज वैद्यकशास्त्र सांगते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला तर नऊ ते बारा तासांची झोप हवी. सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाचे हात आणि लक्ष, थोडेसे मद्य प्यालेल्या माणसाइतके मंदावते, असेही प्रयोगांत आढळले आहे. हा सतरा तासांचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

तेव्हा पुरेशी झोप घ्यावी हा उपदेश खोटा नाही. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की, निजणे न निजणे हे ज्याच्या त्याच्या हाती आहे. इतिहास तसे सांगत नाही.

आपल्या भाषेत एक शब्द आहे, जागल्या. गावगाड्यात रात्रीची गस्त घालणारा, वेशीवर आणि खळ्यांवर नजर ठेवणारा, चोराचा माग काढणारा माणूस तो जागल्या. गावोगावच्या रीतीप्रमाणे हे काम रामोशी, भिल्ल किंवा महार यांच्याकडे असे. शब्द किती सरळ आहे पाहा! ज्याने जागावयाचे तो जागल्या. सुतार लाकूड घडवितो, कुंभार मडकी घडवितो, तसा हा आपली झोप गावाला देतो. गाव स्वस्थ निजे ते याच्या भरवशावर. आणि हा राहावयाचा गावाबाहेर. गावगाड्याच्या स्वयंपूर्णतेचे गोडवे गाताना या झोपेच्या बलुत्याचा हिशेब कोणी मांडला नाही.

तो मांडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले. महार वतनदार हा रात्रंदिवस, चोवीस तास सरकारी कामाला बांधलेला आहे. तो घरी नसेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या माणसाला त्याच्या जागी धाव घ्यावी लागते. आणि या साऱ्याचा मोबदला मात्र नाममात्र आहे, हे त्यांच्या म्हणण्यातील एक मुख्य सूत्र होते. चोवीस तास! ज्या चाकरीला तासांची मर्यादा नाही तिच्यात झोप ही चाकराच्या मालकीची उरत नाही, मालकाने अडविले नाही तेवढी ती मिळते. त्या वेळी विधेयक पुढे गेले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडावे लागले.

एक गोष्ट मात्र खरी की, जुन्या खेड्यात इतरांच्या झोपेला सूर्याचे संरक्षण होते. मोट दिवसा चाले, कारण मोटकऱ्याला रात्री दिसत नाही. दिवेलागणीनंतर तेल जाळून काम करणे परवडण्यासारखे नव्हते. ज्वारी निसवली की माळ्यावर राखणीला जावे लागे, पण ते काही आठवड्यांपुरते. उन्हाळ्यात दुपारी झाडाखाली पाठ टेकली तर कोणी आळशी म्हणत नसे. जागरणे होती, पण ती हौसेची आणि नेमाची: कोजागिरी, गोंधळ, खंडोबाचे जागरण, नवरात्रातला देवीचा जागर. यांतली हरिनाम सप्ताहाची रीत मला फार विचार करावयासारखी वाटते. सात दिवस आणि सात रात्री वीणा खाली ठेवावयाचा नाही, हा नियम. पण म्हणून एकाच माणसाने तो सात दिवस गळ्यात घालून उभे राहावे असे कोणत्याही गावाने कधी ठरविले नाही. पहाऱ्याची यादी होते, ती देवळात लावली जाते, आणि ठरल्या वेळी पुढचा माणूस येऊन वीणा आपल्या गळ्यात घेतो. ज्याचा पहारा संपला तो घरी जाऊन निजतो. देवाच्या नावाचे अखंडपणही माणसाची झोप मोडून साधावयाचे नाही, वाटून घ्यावयाचे, ही समज त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या खेड्यात होती.

सूर्याचे हे संरक्षण प्रथम गेले ते मुंबईत. कोकण, सातारा, पुणे, नगर या भागांतून गेलेल्या माणसांना घड्याळाने मापलेला दिवस गिरणीने दाखविला. आरंभी गिरण्याही उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम जास्त, थंडीत कमी. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्याने फक्त मुलांच्या तासांना मर्यादा घातली. मोठ्या माणसांसाठी उभे राहिले ते नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ च्या सप्टेंबरात कामगारांच्या सभा भरवून त्यांनी साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, या त्यातल्या मागण्या. आज आपण हा अर्ज कामगार चळवळीचा आरंभ म्हणून वाचतो. मला त्यात एक निराळी गोष्ट दिसते. सूर्य मावळल्यावर आम्हाला सोडा, ही मूळची झोपेची मागणी आहे. १८९० च्या एप्रिलात सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन स्त्रियांनीही भाषणे केली. आणि त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवारी सकाळी उशिरा उठणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने लोखंड्यांचे एकदा तरी स्मरण करावे.

पण सूर्यास्ताची सीमा फार दिवस टिकली नाही. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि रात्र ही कामाला अडचण उरली नाही. कापडाला भाव होता; काही गिरण्यांत कामाचे तास चौदा-पंधरांपर्यंत गेले. कामगारांनी दगड उचलले, संप केले. लगेच १९०६ च्या आरंभी नवी प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या जुन्या वेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटे पुढे. घड्याळात गिरणी सुरू होण्याची वेळ तीच राहिली तर प्रत्यक्षात माणसाने पहाटे तेवढी मिनिटे अगोदर उठावयाचे! त्याही वेळी कामगार खवळले. सुशिक्षितांनी त्या वादात नगराभिमानाची भाषा केली. कामगाराला मात्र आपल्या अंथरुणातून एकोणचाळीस मिनिटे चोरीला गेल्याचे कळले होते. १९०७-०८ च्या फॅक्टरी कमिशनवर मद्रासचे डॉ. टी. एम. नायर हे सभासद होते. प्रौढ पुरुषांच्या तासांना कायद्याने थेट मर्यादा हवी, असे भिन्नमत त्यांनी नोंदविले. कमिशनवरील एका वैद्याला हे सुचावे, हे मला अर्थपूर्ण वाटते. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली. १९२२ साली ती अकरा तास, १९३४ साली दहा तास झाली आणि १९४८ साली नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस अशी ती ठरली. माणसाची झोप कायद्याने तासातासाने परत मिळविली, आणि त्याला चौसष्ट-पासष्ट वर्षे लागली.

याच काळात आमच्या जिल्ह्यात साखर आली होती. भंडारदऱ्याच्या धरणामुळे प्रवरेच्या कालव्यांना पाणी खेळू लागले, बेलापूर कंपनीचा हरेगावचा कारखाना उभा राहिला. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीच्या माळावर शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना निघाला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला हंगाम झाला. जिल्ह्याच्या उत्तर भागाचे भाग्य उजळले. पूर्वेकडे, पाथर्डीकडे, पाणी आले नाही. तिकडून माणसे आली. १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट अधिकच रुळली. पुढे पाथर्डी तालुक्यातही वृद्धेश्वर कारखाना झाला. पण टोळ्यांचे बाहेर जाणे थांबले नाही. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, जेथे ऊस तेथे आमचा कोयता.

कोयता म्हणजे येथे हत्यार नव्हे; नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि हंगामभर तोडीतून ती फेडावयाची, हा व्यवहार. मजुरी टनावर. आता साखरेचा एक धर्म असा की, ऊस तुटल्याबरोबर त्यातला गोडवा उतरू लागतो. एका दिवसाच्या आत तो गव्हाणीत पडावा असे कारखान्याला वाटते. आणि एकदा बॉयलर पेटला की कारखाना दिवसरात्र चालला पाहिजे. म्हणून गव्हाणीच्या आत तीन पाळ्या असतात. भोंगा होतो, एक पाळी घरी जाते, दुसरी येते. पण त्याच गव्हाणीत पडणारा ऊस ज्या फडातून येतो तेथे पाळ्या नाहीत. तेथे तोच कोयता. कारखान्याच्या आतल्या माणसाची झोप १९४८ च्या कायद्याने मोजली. कुंपणाबाहेरच्या माणसाची कोणीच मोजली नाही, कारण तो तासावर नाही, टनावर आहे.

त्याचा दिवस असा जातो. पहाटे तीन-चारला कोपीत चूल पेटते. बाई अगोदर उठते, भाकरी थापते, पाणी आणते. अंधारात फडावर जावयाचे, तोडावयाचे, पाचट सोलावयाचे, मोळ्या बांधावयाच्या. दुपारनंतर गाडी भरावयाची. मालमोटार वेळेवर आली तर ठीक. रात्री नऊला आली तर नऊला, बाराला आली तर बाराला. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढावयाचे. बैलगाडीवाला असेल तर गाडीतळावर काट्यापुढच्या रांगेत रात्र काढावयाची. पहाटे चारला उठलेला माणूस रात्री नऊला फळीवर पाय ठेवतो तेव्हा त्याचे सतरा तास भरलेले असतात. प्रयोगशाळेतला तो आकडा येथे असा उभा राहतो. रात्री उशिरा अंग टाकून पुन्हा चारला उठणाऱ्या बाईच्या वाट्याला किती झोप येते ते वाचकांनीच मोजावे. खाडा केला तर पैसे कापले जातात, म्हणून वाग्भटाने सांगितलेली निम्मी भरपाईही नाही. आणि ओझे वाहणाऱ्याला चरकाने दिलेली दुपारची सवलत कोणत्याही करारात लिहिलेली नाही. मुले फडाच्या कडेला पाचटावर निजतात. त्यांची झोप आईच्या उठण्याबरोबर मोडते.

या माणसांसाठी कोणी काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पाथर्डीचे बबनराव ढाकणे यांनी ऊसतोडणी कामगारांचा प्रश्न हाती घेतला. संप झाले, करार झाले. २०२४ च्या आरंभी तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ निघाले, मुलांसाठी भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहे निघाली. त्या वसतिगृहांकडे पाहताना मला प्रथम शाळा आठवत नाही. तेथे निजणाऱ्या मुलाची रात्र अखंड जाते, ही गोष्ट आठवते. पण दर, कमिशन आणि विमा यांवर जेवढी बोलणी झाली त्यांच्या शतांशाने तरी रात्रीच्या भरणीवर झाली काय? टनाचा भाव वाढला तर पैसे वाढतात. झोप वाढत नाही. उलट दोन पैसे जास्त मिळतात म्हणून माणूस आणखी एक मोळी बांधतो.

जे घरी राहिले त्यांचीही रात्र पूर्वीची राहिलेली नाही. मोटेची जागा विजेच्या पंपाने घेतली तेव्हा शेतकऱ्याचे कष्ट कमी झाले खरे. पण शेतीला वीज पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री मिळू लागली, तेव्हा बॅटरी घेऊन मध्यरात्री दारे धरावयास जाणे नशिबी आले. मोटकऱ्याला रात्री दिसत नव्हते हे किती बरे होते! त्यात थंडी, साप आणि अलीकडे बिबट्या. २०२० साली पाथर्डी तालुक्यात बिबट्याने लहान मुलांचे बळी घेतले तेव्हा अंगणातल्या बाजा घरात गेल्या, आणि कित्येक आया रात्र रात्र जागल्या. दिवसा वीज द्या, ही शेतकऱ्यांची मागणी लोखंड्यांच्या १८८४ च्या अर्जाची सख्खी बहीण आहे. २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना सुरू झाली आहे. तिचा हिशेब मेगावॅटमध्ये मांडतात. मी तो रात्रींमध्ये मांडीन.

एवढ्या विवेचनातून मला जे म्हणावयाचे आहे ते थोडक्यात असे. झोप ही निसर्गाने सर्वांना सारखी दिली, पण समाजाने ती सारखी राहू दिली नाही. जागल्याचे वतन गेले; जागल्या गेला नाही. तो गिरणीत गेला, तेथे साठाहून अधिक वर्षे झगडून त्याने आपली रात्र परत मिळविली. आणि आता तो उसाच्या फडात उभा आहे. आपल्या सकाळच्या चहात जी साखर विरघळते तिच्यात कोणाच्या तरी पहाटेची झोप विरघळलेली असते. त्याला आरोग्याचे नियम सांगावयास जाणे म्हणजे उपाशी माणसाला चावून खावयास सांगण्यासारखे आहे.

उपाय काही अलौकिक नाही. रात्री ठरावीक वेळेनंतर फडावर गाडी लावावयाची नाही. हंगामात आठवड्याला एक दिवस कोयता खाली ठेवावयाचा आणि त्याचा खाडा धरावयाचा नाही. भरणीला वेगळी माणसे ठेवावयाची. कारखाना चोवीस तास चालवावयाचा असेल तर जरूर चालवावा. अखंड चालणाऱ्या गोष्टी कशा चालवावयाच्या हे पाथर्डीच्या कोणत्याही देवळात सप्ताहाच्या वेळी भिंतीवर लिहून लावलेले असते. वीणा सात दिवस खाली येत नाही, पण त्या यादीवर नावे बरीच असतात.